साक्षीदाराचा पत्ता

टोर्स्टाड, विस्कॉन्सिन
दि. ८ सप्टेंबर

प्रिय लोवेल आणि मार्लिस,

न. वि. वि. 'सप्रेम' मुद्दामच गाळलं आहे. पत्र संपेपर्यंत राग उतरला तर घालीन.

रविवारी तू फोन आपटलास, लोवेल, म्हणून लिहिते आहे. कागद आपटता येत नाही. फार तर चुलीत घालशील, पण त्याआधी मार्लिस तो वाचेलच. कालवडीशी लाडीगोडीने बोलणारा माझा भाऊ सख्ख्या बहिणीला मात्र वाक्यही पुरं करू देत नाही.

तुझ्या कुरणाच्या कडेला गोठ्याच्या दाराएवढा प्रचाराचा फलक लागला आहे. टाउन हॉलला जायला मला तोच रस्ता. रोज सकाळी तो माणूस दात काढून माझ्याकडे बघतो आणि मी गाडीत एकटीच त्याला शिव्या घालते. पाद्रीबुवांनी ऐकल्या तर चर्चमधून नाव काढतील.

मी काही पलीकडच्या पक्षाची नाही. आपल्या घरात बाप्तिस्मा आणि पक्ष एकदमच मिळायचे. सरकारने फार लुडबुड करू नये, माणसाने शब्द पाळावा, हरलं तर जिंकणाऱ्याशी हात मिळवून घरी जावं. आपण जुन्या वळणाची माणसं ती याच जोरावर ना? मग हा कोणत्या वळणाचा? गेल्या खेपेला हरला आणि मतं चोरली म्हणून बोंबलत सुटला. लोवेल, मतं मोजतं कोण? प्रत्येक गावात माझ्यासारखी एक क्लार्क मोजते. आपल्या गावात मीच.

त्या निवडणुकीनंतर टाउन हॉलच्या दारावर कोणीतरी लाल रंगात 'चोर' लिहून गेलं. ते मी थंडीत तारेच्या ब्रशने घासून काढलं. त्याच आठवड्यात चर्चच्या तळघरात माशांचं जेवण होतं. आपल्या चर्चमधला हॅरल्ड म्हणाला की मोजायला आर्डिस असली की कबरीतलेसुद्धा येऊन मत देऊन जातात. सगळं टेबल हसलं. तूही हसलास. तोंडात घास होता तरी हसलास.

आणि मार्लिस, तू माझी शाळेपासूनची मैत्रीण, मग वहिनी झालीस. मतं मोजताना माझ्या शेजारच्या खुर्चीत तूच होतीस. मशीनमधून आलेली आकड्यांची पट्टी तू मोठ्याने वाचलीस, मी उतरवून घेतली. पिशवीच्या सीलवर तुझीही सही आहे. त्या टेबलाशी मात्र तू मूग गिळून बसलीस आणि पावावर लोणी लावत राहिलीस.

दुसऱ्या उमेदवाराला मत द्या, असं मी म्हणत नाही. तो मलाही पटत नाही. बाकी सगळ्या जागांवर आपल्याच पक्षाला द्या. वरची ती एक, राष्ट्राध्यक्षाची जागा कोरी सोडा. लोवेल, या माणसाच्या नावापुढचं वर्तुळ भरशील तेव्हा आपली बहीण चोर आहे, यावरही तू शाई फिरवतो आहेस. एवढा विचार कर आणि मग काय ते कर.

राग उतरलेला नाही. तुमचा लोभ असला तर असू द्या, माझा सध्या दुरुस्तीला टाकला आहे.

आर्डिस


शेतावरून
दि. २७ सप्टेंबर

चि. आर्डिस हिस,

अ. आ. मी सांगतो आहे आणि मार्लिस लिहिते आहे, कारण मी उताणा पडलो आहे. हरणांच्या शिकारीच्या मचाणाची फळी बदलायला चढलो होतो. फळी वरच राहिली, मी खाली आलो. खुब्याचं हाड मोडलं. देवाने बरोबर शिक्षा केली, असं तू म्हणशील. पण देव आपल्यासारखाच लुथरन पंथाचा आहे, इतक्या तातडीने तो काही करत नाही.

तुझं पत्र मार्लिसने वाचून दाखवलं. तुला चोर म्हटलंय कोणी? गोष्ट मोठ्या शहरांची आहे. तिथे काय चालतं ते तुला ठाऊक नाही, मलाही नाही, म्हणून तर संशय. इकडे डिझेल बघ, दुधाचा भाव बघ. आपल्या रस्त्यावरचे किती गोठे बंद पडले ते तू गाडीतून जाताना बघतेसच, फक्त फलकाकडे बघू नकोस. आपल्या पक्षाचे सभ्य लोक टाय लावून राजधानीत बसले होते तेव्हा आमचं नाव हाच एक घेत होता. तोंडाळ आहे, कबूल. पण कुंपण मोडायचं तर बैल मारकाच लागतो.

हॅरल्ड सगळ्यांचीच टिंगल करतो. त्याने माझ्या टकलाचीही केली होती, म्हणून मी काही पत्रं लिहीत बसलो नाही. तू लहानपणापासून अशीच, एकदा फुगलीस की फुगलीस.

आता कामाचं. डॉक्टर नोव्हेंबर संपेपर्यंत घराबाहेर पडू नका म्हणतात. तेव्हा टपालाने मत द्यायचे कागद पाठव. हसू नकोस. टपालाच्या मतांना मी काय काय म्हणालो होतो ते मला आठवतं आहे.

दुरुस्तीला टाकलेला लोभ परत आला की कळव. आमचा शाबूत आहे.

लोवेल

ता. क. हे माझं फक्त अक्षर आहे, म्हणणं नाही. तुझं ओव्हनमध्ये हॉटडिश भाजायचं भांडं कागदात गुंडाळून ठेवलं आहे. मार्लिस.


टोर्स्टाड
दि. १७ ऑक्टोबर

प्रिय लोवेल आणि मार्लिस,

न. वि. वि. अजून 'सप्रेम' नाही.

लोवेल, तुझ्या मताचं पाकीट मिळालं. वर तुझी सही आहे. साक्षीदार म्हणून मार्लिसची सही आहे. आणि साक्षीदाराच्या पत्त्याची जागा कोरी. का कोरी, तेही मला कळलं. आर्डिस त्याच घरात जन्मली, तिला काय पत्ता सांगायचा, असंच मार्लिसला वाटलं असणार. साऱ्या गावात ही चूक करणारं घर एवढं एकच.

पूर्वी अशी जागा मीच भरून टाकायची. आता चालत नाही. आपल्याच पक्षाचे लोक कोर्टात गेले आणि क्लार्कच्या हातावर विश्वास नाही म्हणून ते बंद पाडून आले. तेव्हा ज्या घरात माझा पाळणा हलला, त्या घराचा पत्ता लिहायला आज मी लायक नाही. वाच हे पुन्हा, लोवेल, आणि हसायचं तर हस.

पत्त्यावाचून मत बाद. आत काय आहे ते मला पाकीट न उघडता ठाऊक आहे, कुरणात एवढा फलक उभा आहे ना. हे पाकीट मी खणात पडू दिलं असतं तर कोणाला कळलंसुद्धा नसतं. तुमचा माणूस ज्याला चोर म्हणतो, त्याने तेच केलं असतं. मी मात्र परत पाठवते आहे. मार्लिस, पत्ता लिही. लोवेल, वेळेत धाड. तुझं मत मी त्याच्या बाजूला मोजेन. हात कापला तरी मोजेन.

पण नाताळला माझं ताट मांडू नकोस. चोराला कोणी जेवायला बोलावत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणून चार वर्षं गप्प बसले, आता ओठातून रक्त यायला लागलं आहे.

खुब्याची काळजी घे. ती काळजी मला वाटते आहे याचाही मला राग येतो आहे.

आर्डिस


शेतावरून
दि. २९ ऑक्टोबर

प्रिय आर्डिस,

स. न. वि. वि. माझ्या बाजूने 'सप्रेम' कधी गेलंच नव्हतं, फक्त त्याला तोंड नव्हतं.

आधी एक कबुली देते. तुझं सप्टेंबरचं पत्र लोवेलला वाचून दाखवताना माझ्याबद्दलचा मजकूर मी गाळला होता. मतदानाच्या दिवशी मी दाराशी बसून नुसते 'मी मत दिलं'चे स्टिकर वाटते, असंच तो समजत आला आणि मी समजू दिलं. या खेपेला दोन्ही पत्रं अक्षर न गाळता वाचली.

 ऐकून झाल्यावर, पट्टी खरंच मी वाचली होती का, असं लोवेलने विचारलं. आकड्यान् आकडा मी वाचला आणि आर्डिसने माझ्यासमोर लिहिला, असं मी सांगितलं. मग चार वर्षं का बोलली नाहीस, म्हणून तो असा ओरडला की कुत्रं गोठ्यात पळालं. तू हसत होतास, मग मी काय बोलणार, असं म्हणून मी रडले. बायकोने आपल्याला बहिणीवर हसू दिलं, हे त्याला फार लागलं आहे.  दोन दिवसांनी त्याने पाकीट मागून घेतलं आणि कुबडीवर उठून स्वतःच्या हाताने चुलीत घातलं. त्याला टपालाने मत द्यायचं नाही. मंगळवारी, मतदानाच्या दिवशी, डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत, तो टाउन हॉलमध्ये येणार आहे. तिथे मतदाराने आपलं नाव आणि पत्ता मोठ्याने सांगायचा असतो. पत्ता आर्डिसलाच सांगेन, दुसऱ्या कोणाला नाही, असं तो म्हणतो.

पडद्याआड तो काय करेल ते मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. फलक अजून कुरणातच आहे. तो उतरवायचा तर त्यानेच उतरवावा, म्हणून मी हात लावलेला नाही.

काल चर्चच्या यंदाच्या माशांच्या जेवणाला मी एकटीच गेले. तू यायची नाहीस हे ठाऊकच होतं. हॅरल्डने तोच विनोद पुन्हा काढला आणि लोक हसायला तोंड उघडतात न उघडतात तोच मी उभी राहिले. माझ्या हातात लोण्याची वाटी तशीच होती. मी म्हटलं की मोजताना मी तिथे होते, पट्टी माझ्या तोंडाने वाचली गेली. आर्डिस चोर असेल तर मीही चोर, आणि ज्याला काही म्हणायचं असेल त्याने माझ्या घरी येऊन म्हणावं. कोणी हसलं नाही. कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. पाद्रीबुवांनी घसा खाकरला आणि बटाटे पुढे सरकवायला सांगितले. 

लोवेलला सांगितलं तर त्याने एवढंच विचारलं की कोणी हसलं का. नाही म्हटल्यावर त्याने भिंतीकडे तोंड केलं.

मंगळवारी शेजारच्या खुर्चीत मी असेन आणि पट्टी मीच वाचेन. नाताळला तुझं ताट मी मांडणार आहे, मग तू ये किंवा रागावून बस. तुझा लोभ दुरुस्तीहून आला नसेल तर तसाच मोडका पाठव, आम्हाला चालेल. पत्ता माझ्या सहीखाली पुरा लिहिला आहे.

तुझी,
मार्लिस टॉलेफ्सन, साक्षीदार
टॉलेफ्सन यांचं शेत, जुना चर्च रस्ता,
टोर्स्टाड, विस्कॉन्सिन