कानात सांगितलेलं नाव

१७ जानेवारी १९५५, आलापल्ली
रेंजरबाईंकडे हळदीकुंकू. मी आत पाय टाकला आणि सगळ्याजणी एकदम तिळगुळाच्या पाकाबद्दल बोलायला लागल्या. त्याआधी काय चाललं होतं ते कळायला ज्योतिषी नको. शेजारच्या सुशीला नववा महिना. तिच्याजवळ जागा होती, बसायला गेले तर रेंजरबाईंनी तिलाच उठवून पलीकडे बसवलं. "इथी हवा लागते तुले." दारं सगळी बंद होती. सुशीनं माझ्याकडे पाहिलं नाही. की मीच पाहिलं नाही? वाण घेऊन लगेच निघाले.

२२ जाने.
सकाळी भिंतीपलीकडून रडणं. सुशीला मुलगा. पहिला विचार काय यावा, तर हिचाच बरा रडला. शी! दिवाळीआधी माझा आला तो मुकाच. तेव्हा पाच दिवस उशाशी बसून पेज भरवली ती हिनंच, तेही सहा महिन्यांचं पोट घेऊन. आणि मी आज तिच्या बाळाचा आवाज कानावर पडू नये म्हणून पाटा काढून बसले. मिरच्या वाटल्या, गरज नसताना.

१ फेब्रु.
उद्या बारसं. सुशीच्या नवऱ्याला बहीण नाही. तिच्या बाळाची आत्या मी आणि माझ्याची ती, असं श्रावणातच ठरलेलं. तिची आई, अक्का, बोलवायला आल्या. आपण होऊन आलेल्या दिसत नव्हत्या. "सुशी म्हणते आत्या तूच. येशीन ना?" तोंडातून निघून गेलं, "मी दूर बसले, अक्का." अक्कांचा जीव भांड्यात पडला. खोटं बोलले. आणि खोटंही असं की आता चार दिवस खरंच कोपऱ्यात बसायचं, कशाला शिवायचं नाही.

२ फेब्रु.
सुशीनं बारसं पुढं ढकललं! माझ्यासाठी. भिंतीपलीकडून ओरडून सांगितलं, "पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन ये, मंग करू. मी काई दुसरी आत्या आणत नाई!" जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

४ फेब्रु.
यांनी भात करपवला, वरणाचं पाणी. लाकूड-डेपोतून दमून येतात, मग विहिरीचं पाणीही तेच भरतात. मी मागच्याच पंधरवड्यात दूर बसले होते, हे यांना ठाऊक आहे. एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं.
दुपारी सुशीकडून डबा, लाखोळीच्या डाळीचा. ओली बाळंतीण मला जेवू घालते! लाज वाटत होती आणि भूकही लागली होती. सगळा संपवला.

६ फेब्रु.
काल बारसं झालं. काल लिहवलं नाही.
नाव ठरलेलं होतं, गजानन. सुशीनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. केवढं जड! माझा मला कुणी हातात दिलाच नव्हता, हे आणि एक चौकीदार सागाच्या रानात पुरून आले. वाकले, बाळाच्या कानाला ओठ लावले आणि म्हटलं, "श्रीधर."
श्रीधर मी माझ्याला ठेवलेलं. मनातल्या मनात. यांनासुद्धा माहीत नाही.
बायकांनी रीतीप्रमाणे पाठीत धपाटे घातले, "काय नाव, काय नाव?" मोठ्यानं म्हटलं, "गजानन!" घुगऱ्या वाटल्या. सुशीच्या डोळ्यांत पाणी, "आता झालं माह्या मनासारखं." धपाटे आणखी बसायला हवे होते.

९ फेब्रु.
बाळाला दोन दिवस ताप. अंगावर पीत नाही. अक्का मुद्दाम मोठ्यानं, "जिचं मेलं तिच्या हाती पोरगं काऊन दिलं म्हणते मी!" सुशी कडाडली, "आई, आणखी एक शब्द बोलशीन तर मोटर पकड आन् गावी जाय. तिची नजर नाई लागत माह्या लेकराले." माझ्यासाठी आजवर कुणी इतकं भांडलं नाही. आणि मी इकडे भिंतीला कान लावून. चोराच्या मनात चांदणं.
नजरबिजर मी मानत नाही. पण गेलेल्याचं नाव त्याच्या कानात आधी गेलं, ते माझ्या तोंडून. हे सुशीला कसं सांगू? सांगितलं तर अक्का जिंकल्या. न सांगावं तर बिचारी खोट्यासाठी आईशी भांडते आहे, आणि मी...

१२ फेब्रु.
कंपाउंडरच्या औषधानं ताप उतरतो, पुन्हा चढतो. रडणं थांबत नाही. सुशीनंच हाक मारली, "ये वो, घे याले जरा. डोळ्याले डोळा नाई माह्या." घेतला. खांद्यावर टाकताच गप्प झाला. वाटलं, आता खरं नाव सांगून टाकावं, चूक तरी निस्तरेल. कानाशी तोंड नेलं. परत श्रीधरच म्हणाले. या वेळी जीभ घसरली नव्हती.
सुशी खाटेवरून बघत होती. "काय गुज चालू हाये आत्या-भाच्याचं? मलेबी सांग."
"सांगते," म्हटलं. खरंच सांगणार होते. तेवढ्यात अक्का शेगडी घेऊन आत आल्या. सुशी हळूच म्हणाली, "आई गावी गेल्यावर सांग मंग."
अक्का बुधवारच्या मोटरनं जायच्या आहेत. सुशी विसरणारी नाही.