टलीवीन नावाची दोन गावं

३ नोव्हेंबर २०२०

वही मार्चमध्ये घेतली. आज पहिलं पान. आळस, दुसरं काय! शिवाय लिहायचं काय — हॉटेल बंद, नोकरी गेली, खोली गेली. संजीवदादा म्हणाला, "लिक्सलिपला ये माझ्याकडे." नाही गेलो. तो कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात इंजिनीअर, मी इथं परदेशात शिकायला येऊन कोर्स अर्धा सोडलेला. रोज जेवताना लेक्चर कोण ऐकणार!

मग ब्रायडी. वय शहाऐंशी. सत्तरीपुढच्यांनी घरातच राहायचं असं सरकारनं सांगितलं, तेव्हा मी डंडॉक शहरातून सायकलवर तिचं सामान आणून द्यायचो. एक दिवस खिडकीतूनच म्हणाली, "मागची खोली रिकामी आहे. रोज कशाला भिजतोस?" राहिलो. या टलीवीनमध्ये पूर्वी एकतीस घरं होती. आता हे एक.

आज लिहितोय, कारण आज मतदान आहे. टीव्हीवरचं ते राष्ट्राध्यक्षांचं नव्हे — दुसऱ्या टलीवीनचं.

४ नोव्हेंबर

काल मध्येच उठलो, चुलीवर बटाटे होते. तर — ब्रायडीच्या आजोबांचा थोरला भाऊ फेलिक्स. आयोवात गेला. नुसता गवताचा माळ. मग रेल्वे आली. इंजिनांना थोड्या थोड्या अंतरावर पाणी लागायचं, आणि त्या टापूत चांगली विहीर एकट्या फेलिक्सची. रेल्वेचा साहेब नकाशात स्टेशनला आपल्या मुलीचं नाव घालून बसला होता. (त्याआधीच्या स्टेशनाला सासऱ्याचं, त्याआधीच्याला कुत्र्याचं!) फेलिक्स म्हणाला, "मग इंजिनाला पाणीही तुझ्या मुलीलाच पाजू दे." झालं! विहीर त्याची, म्हणून नाव त्याचं. त्यानं आपल्या इकडच्या वाडीचं दिलं — टलीवीन.

ब्रायडीनं मला विचारलं, "तुझं गाव कुठलं रे, पेट?" (पेट म्हणजे इथं ‘बाळा’.) म्हटलं, धरणात गेलं, माझ्या जन्माआधी. वर माळावर नवं वसवलं, नाव तेच ठेवलं. ती बराच वेळ माझा हात थोपटत होती.

त्या टलीवीनमध्ये आता तेवीस माणसं. नळाचं पाणी सोडायलाही कुणी उरलं नाही. म्हणून मतदान — गाव ठेवायचं, की मोडून पाटी उतरवायची. तिथली क्लार्क मार्लीन मला ईमेल करते, मी ब्रायडीला वाचून दाखवतो. ब्रायडी स्क्रीनला हात लावत नाही.

६ नोव्हेंबर

चौदा विरुद्ध पाच. मोडलं.

ब्रायडी टोस्टला लोणी लावत होती. "काय म्हणते तुझी मार्लीन?"

तोंडातून निघूनच गेलं — "राहिलं. गाव राहिलं."

ती खाली बसली. "ग्रँड," म्हणाली. "अगं बाई, ग्रँड!" असंच काहीतरी, तिच्या भाषेत. सकाळी दहा वाजता मला व्हिस्की पाजली.

१५ नोव्हेंबर

आमच्याकडे असंच करतात की! सोलापूरचा काका गेला तेव्हा आजीला कुणी सांगितलं नाही. म्हातारं माणूस, सोसायचं नाही. अकरा महिने दर रविवारी फोनवर मी काकाचा आवाज काढायचो. चौदा-पंधरा वर्षांचा होतो, आवाज फुटलेला. "सर्दी झाली का रे तुला?" विचारायची. तशीच गेली. सगळे म्हणाले, सुखानं गेली.

दादाला फोनवर सांगितलं. "गाढवा, ती काय आपली आजी आहे?" मग म्हणाला, "आता नको सांगूस पण."

२० डिसेंबर

दर रविवारी वाचतो — काहीच न आलेल्या स्क्रीनवरून. बेकरी उघडली. चर्चचं छप्पर शाकारलं. आज तर बाळच जन्माला घातलं. नाव विचारलं तिनं. ब्रिजेट, म्हटलं. (ब्रायडी हे ब्रिजेटचंच लाडाचं रूप.)

"माझं नाव!" लगेच लोकर शोधायला उठली.

११ जानेवारी २०२१

टोपडं झालं. पिवळं, कानांवर येणारं. पोस्टात टाक म्हणाली. माझ्या खोलीतल्या प्रेसमध्ये आहे — कपाटाला इथं प्रेस म्हणतात — मोज्यांखाली.

९ फेब्रुवारी

इथं रेडिओवर रोज मेलेल्यांची नावं वाचतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. ब्रायडी चहा घेऊन बसते, एकही चुकवत नाही. परवा तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचं नाव आलं, कॅथलीनचं. चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी. आज ब्रायडीनं चांगला कोट चढवला, केस विंचरले आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली. पाऊण तास. मी छत्री धरून. शववाहिका आमच्यापाशी हळू झाली. ब्रायडीनं काचेला तळवा लावला, एवढंच.

परत येताना म्हणाली, "मला कुणी सांगितलंच नसतं, तर तिच्यासाठी इथं कोण उभं राहिलं असतं?"

१० फेब्रुवारी

सांगणार होतो. भांडी घासली.

२ एप्रिल

मार्लीनचा ईमेल. काल पाटी काढली. आठ माणसं आली होती, एकानं टोपी काढली. "ब्रायडीनं कसं घेतलं? एकदा फोनवर बोलू का तिच्याशी?"

उत्तर दिलं नाही.

२ मे

चौथा ईमेल. त्यालाही उत्तर दिलं नाही. ब्रायडीला वाचून दाखवलं — सफरचंदांना मोहर आलाय.

२६ जुलै

दुपारी फाटकाशी भाड्याची गाडी थांबली. सत्तरीची उंच बाई उतरली. "मी मार्लीन. आयोवाहून. उत्तर येईना, म्हटलं ब्रायडी गेली की काय! प्रवासावरची बंदी उठल्याबरोबर निघाले." मागच्या सीटवर ब्लँकेटात गुंडाळलेली पाटी, एक हिरवा कोपरा बाहेर. माझ्या मागे ब्रायडी कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही. ती त्या कोपऱ्याकडेच बघत होती.

आता दोघी स्वयंपाकघरात आहेत. दाराच्या फटीतून दिसतंय — ब्रायडीनं कप तीन मांडलेत.