उंच जीप आणि केशरबाईची म्हैस

१ नोव्हेंबर १९९८, रविवार

अखेर गाडी घेतली. वय शेहेचाळीस. सायकलनंतर थेट जीप. मधली स्कूटरची पायरी गाळली. स्कूटर शेजारच्या जगन्नाथरावांकडे आहे, आणि ते तिच्यावर बसले की कसे दिसतात हे मी रोज बघतो.

टेंभुर्णीला बदली झाल्यापासून एसटीने कंबर मोडली. राजूरच्या पुढे रस्ता म्हणजे नुसते खड्डे, मधूनमधून डांबर. तिथे साधी गाडी कामाची नाही, असा माझा अभ्यास.

ही साधी नाहीच. बॉडी हातभर वर उचललेली, चाकं कुठल्यातरी मिलिटरी ट्रकची, पुढे लोखंडी गार्ड, सायलेन्सर नाल्यात बुडू नये म्हणून थेट टपापर्यंत नेलेला. टप पिवळा. हॉर्न तीन सुरांचा. मोंढ्यामागचा गाड्या विकणारा मच्छिंद्र म्हणाला, आधीचा मालक शौकीन होता, त्या पट्ट्यात ही गाडी सगळे ओळखतात. भाव मात्र त्याने फारसा ताणला नाही. कुठेतरी पाणी मुरतंय. मी वाकून बघितलं, चारी बाजूंनी ठोकून बघितलं. आवाज समाधानकारक.

मागे फरशीवर दोन गोल लोखंडी कडी वेल्ड केलेली आहेत. कशासाठी, असं विचारल्यावर मच्छिंद्र 'सामानासाठी' म्हणाला आणि हसला. दारूचे कॅन असणार. रजनीने एका कड्यात पाण्याचा जग ठेवून बघितला. बरोबर बसला.

रजनीला चढता येईना. स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. ती वर गेली, स्टूल खाली राहिलं, मग उतरता येईना. स्टूल गाडीतच ठेवायचं ठरलं. जगन्नाथराव गेटवर उभे राहून हे सगळं बघत होते. त्यांच्या पोटात दुखतंय.

संकल्प: रोज जीपनेच ऑफिस. कुणालाही लिफ्ट नाही. कुणावरही विश्वास नाही.

२ नोव्हेंबर, सोमवार

नवी गाडी आधी राजूरच्या गणपतीला. रजनीलाही यायचं होतं, पण हात बसेपर्यंत नको म्हटलं. लवकरच नेईन, असा शब्द दिला. वाटेत गाडी चार वेळा बंद पडली. क्लचचा दोष. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये माझा क्लच उत्तम होता.

राजूरला नारळवाला जीप बघून उठून उभाच राहिला. माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, नवे डॉक्टर तुम्हीच का? मी हो म्हणालो नाही. हसलो. हसणं म्हणजे हो नव्हे. तो नारळाचे पैसे घेईना. दोनदा देऊ केले. तिसऱ्यांदा आग्रह करणं बरं दिसत नाही.

चष्म्यामुळे असेल. किंवा एकूण व्यक्तिमत्त्व.

५ नोव्हेंबर, गुरुवार

हॉर्नचा परिणाम अद्भुत. वळणावर एकदा वाजवला की वस्तीवरची माणसं रस्त्याला येतात. बायका पदर सावरतात. बावीस वर्षं ऑफिसात गेली, मी आलो म्हणून कुणी खुर्चीतून हललं नव्हतं.

टेंभुर्णीच्या अलीकडे फाट्यावर केशरबाईची चहाची टपरी आहे. आज तिने न मागता चहा दिला, दुधाचा, घट्ट. मी टपरीमागे बांधलेल्या म्हशीकडे बघितलं, तर ती कौतुकाने सांगू लागली की म्हैस गुणाची आहे, पण मागचं पारडू गेलं, आता आटत आली, पुन्हा व्याली तरच टपरी चालेल. मी मान हलवली. बाईला माझ्याकडून काय हवंय? फुकटचा चहा कुणी देत नाही.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

संशय पक्का होत चालला आहे. आज हॉर्न वाजवल्यावर एक शेतकरी गाय घेऊन आडवा आला. 'लवकर बघा, साहेब.' गाय बघितली. बरी होती. तसं सांगून पुढे निघालो. अर्धा मैल पुढे दुसरा, गाय घेऊनच.

उघड आहे. गाडी मोठी दिसते म्हणून यांना जनावरांसाठी लिफ्ट हवी आहे. ही जीप आहे, टेम्पो नव्हे. जगन्नाथरावांचे साडू टेंभुर्णीला असतात. त्यांनी लोकांचे कान भरले असणार.

१८ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसात विषय काढला. लोक माझी गाडी बघून जनावरं का आणतात, असं विचारलं. सगळे एकदम फायलींत वाकले. एकाला खोकला आला, तो जेवणाच्या सुटीपर्यंत थांबला नाही. हे सगळे सामील आहेत.

रजनीने राजूरचं विचारलं. पुढच्या आठवड्यात म्हणालो. तिने स्टूल परत मागितलं, डब्यांपर्यंत हात पोचत नाही म्हणून. दिलं नाही. गाडीचा भाग आहे तो आता.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

आज हद्द झाली. उशीर झालेला, म्हणून फाट्यावर थांबायचं नव्हतं. हॉर्न वाजवत निघालो, तर केशरबाई म्हैस घेऊन मधोमध उभी. म्हैस ओरडत होती. ब्रेक लावला, गाडी म्हशीपासून वीतभर अंतरावर थांबली (ब्रेक चांगले आहेत, मच्छिंद्रला यात मार्क). केशरबाईने हात जोडले.

"साहेब, रातीपासनं वरडून राह्यली. आजच काम करून द्या. लई वाट पाह्यली तुमची."

आजारी जनावर दवाखान्यात पोचवायचं असणार. माझ्या गाडीत! मी शांतपणे सांगितलं, आज नाही, उद्या या. ती म्हणाली, उद्या उपेग न्हाई. सगळे असंच म्हणतात. बावीस वर्षांत 'उद्या या' म्हटल्याने कुणाचं काही कुजल्याचं माझ्या पाहण्यात नाही. आरशात बघितलं. बराच वेळ तिथेच उभी होती.

ऑफिसला वेळेवर पोचलो.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

स्वतः होऊन फाट्यावर थांबलो. म्हटलं, उद्या म्हणालो होतो, आलो. बोला. म्हैस मुकाट रवंथ करत होती. केशरबाईने कप विसळला. चहा दिला. पाणचट, आणि पैसे मागून घेतले.

खेड्यातली माणसं अशी बदलतात. विश्वास ठेवावा कुणावर?

२९ नोव्हेंबर, रविवार, रात्री

पेनने कागद दोनदा फाटला. रागाने.

सकाळी रिक्षातून एक माणूस उतरला. डावा पाय प्लास्टरमध्ये, काखेत कुबडी. आधी जीपकडे गेला, बॉनेटवर हात फिरवला, मग बेल वाजवली. राजूरजवळचा रामकिसन. जीपचा आधीचा मालक. लोक त्याला डॉक्टर म्हणतात, तो स्वतःही म्हणतो. गावोगाव फिरून गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करणं हा त्याचा धंदा. त्या पट्ट्यातली निम्मी वासरं आपलीच आहेत, असं त्याने रजनीसमोर छाती पुढे काढून सांगितलं. दिवाळीत एका म्हशीने लाथ मारून पाय मोडला. क्लच दाबता येईना, म्हणून गाडी विकली.

कड्यांत दारूचे कॅन नव्हते. वळूंचं आणि रेड्यांचं बी गोठवून ठेवायची भांडी तिथे बसायची. रजनी उठली आणि पाण्याचा जग घासायला घेतला.

"गाडी इकली साहेब, पण हॉर्न काढून घ्यायचा राहून गेल्ता," रामकिसन म्हणाला. "तो वाजला की बाया जनावर सोडून रस्त्यावर येऊन राह्यल्या. दवाखान्यात न्यायचं तर न्हाई नेत. म्हणत्यात, जीप सुरू झाली, मंग नवे डाक्टर येतीलच. केशरबाईची म्हैस किती महिन्यांनी माजावर आल्ती. एक दिवसाचा खेळ असतो तो. तुम्ही उद्या या म्हणले."

आता पुन्हा माजावर यायला तीन आठवडे. ते साधलं तर ठीक, नाही तर उन्हाळा लागेल, आणि उन्हाळ्यात म्हशी दाद देत नाहीत. दूध तर आटलंच आहे. टपरीला ती सध्या दुसऱ्याचं दूध विकत घेते.

आधी रजनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. हे ऐकून हसायची थांबली. 'तुम्ही तिला उद्या या म्हणालात?' एवढंच विचारलं.

मला वाटतं रामकिसनला जीप स्वस्तात परत हवी आहे. म्हणून हा सगळा बनाव. पण मग नारळवाला? गायी? तो खोकला?

त्या नारळाचं खोबरं आम्ही चटणीत खाल्लं.

३ डिसेंबर, गुरुवार

जीप विकायचा निर्णय. मच्छिंद्रकडे गेलो. ही गाडी त्या पट्ट्यात दुसरं कुणी घेणार नाही म्हणाला, लोक हसतात. हे आधी का सांगितलं नाही? तर म्हणे, तुम्ही विचारलं कुठं, तुम्ही तर ठोकून बघून राह्यलते.

रोज जीपनेच जातो. एसटीने गेलो तर जगन्नाथरावांना आयतं मिळेल. हॉर्न वाजवत नाही. आता वळणावर कोंबड्यासुद्धा हटत नाहीत.

१० डिसेंबर, गुरुवार

फाट्यावर थांबत नाही. चहाने पित्त वाढतं. केशरबाईचा यात संबंध नाही.

जाताना उजवीकडे बघायचं नाही, असा नियम केला आहे. म्हैस उजवीकडे बांधलेली असते. आज बांधलेली होती.

१७ डिसेंबर, गुरुवार

फाट्यावर टपरी बंद. म्हैस जागेवर नाही. पुढे टेंभुर्णीच्या रस्त्याला केशरबाई दिसली, दोर ओढत दवाखान्याकडे निघालेली. म्हशीने रस्त्यातच बसकण मारली होती. ओरडत होती. आता तो आवाज मला कळतो.

गाडी थांबवली. केशरबाईने वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "जा तुम्ही. हापिसाला उशीर होईल."

गेलो. बराच पुढे गेलो. ऑफिसची पाटी दिसेपर्यंत. तिथे गाडी वळवायला घेतली. वळवताना एक कुंपण जरा वाकलं. ते आधीच वाकडं असावं.

राजूरजवळ रामकिसन आपल्या अंगणात बाजेवर होता. भांडं घरी भरलेलंच ठेवतो, धंदा सुटत नाही. पाय अजून धड नाही. जीपवर चढणार कसा? रजनीचं स्टूल. भांडं कड्यात बसवलं, आणि परत सुसाट निघालो. एकदाही गाडी बंद पडली नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

वळणावर तो म्हणाला, वाजवा. वाजवला.

म्हैस अजून तिथेच होती. एका पायावर रामकिसनचा तोल जाऊ नये, म्हणून त्याला मागून कमरेला धरणं भाग पडलं. त्याने म्हशीला धरलं, मी त्याला. डोळे मिटून घेतले. तोवर हॉर्न ऐकून आणखी चौघं जनावरं घेऊन हजर. एक म्हातारा मला म्हणाला, ओ ड्रायव्हर, गाडी जरा सावलीत घ्या, डाक्टरला ऊन लागतंय.

घेतली.

ऑफिसला पोचलो तेव्हा सगळे घरी निघाले होते. बावीस वर्षांत पहिला बिनपगारी दिवस.

२ जानेवारी १९९९, शनिवार

रामकिसनशी स्पष्ट बोलणं झालं. ही तात्पुरती व्यवस्था आहे, त्याचा पाय बरा होईपर्यंत. सकाळी ऑफिसला जाताना त्याला घ्यायचं, वाटेतल्या वस्त्या करायच्या. गाडीचा मालक मी. पुढच्या सीटवर तो बसतो, कारण पाय लांब करावा लागतो. डिझेल त्याचं. हॉर्न माझा.

त्याचा पाय मुद्दाम बरा होत नाही, असा माझा संशय आहे. काल त्याला गोठ्यात पळताना बघितल्यासारखं वाटलं.

७ मार्च, रविवार

रजनीला राजूर घडवलं. ती मागे बसली, मांडीवर प्रसादाचं ताट, पायाशी भांडं. नारळवाल्याने रामकिसनला नमस्कार केला. मी नारळाचे पैसे दिले. दोन नारळांचे. त्याने दोन्हींचे घेतले.

येताना फाटा. केशरबाईची म्हैस गाभण आहे का, याची आज तपासणी. रामकिसनने कोपरापर्यंत हात घातला, आभाळाकडे बघत उभा राहिला. केशरबाई पदर तोंडात धरून उभी. मी गाडीतच बसायचं ठरवलं होतं, पण खाली उतरलेला होतो.

"लागली," रामकिसन म्हणाला.

केशरबाई मटकन खाली बसली. मग उठली, म्हशीच्या गळ्यात पडली. मी चष्मा काढून पुसला. धूळ.

तिने आतून पेढे आणले. बाई आधीच आणून ठेवून बसली होती. पहिला गणपतीच्या नावाने, दुसरा म्हशीला, मग डॉक्टरला, मग रजनीला हाताला धरून दोन. मग पेढ्याचा हात माझ्यापुढे आला. मी हात पुढे केला. तिचा हात तिथेच थांबला.

"तुम्ही उद्या या," केशरबाई म्हणाली.

सगळे हसले. रजनी सगळ्यात जास्त. मीही हसलो. पेढा पुन्हा पुड्यात गेला.

उद्या सोमवार. ऑफिसला जायचंच आहे, थांबून बघेन. ती देईलच याची खात्री वाटत नाही.