हळद लावलेली काडी

नाना, उद्या तुमचं पित्तर. धुळ्याला माझ्या भावाच्या घरी पान वाढलं जाईल आणि त्या पानाशेजारी आई दरवर्षीसारखं बिडीचं बंडल आणि काडेपेटी ठेवेल. जन्मात बिडी न ओढलेल्या माणसाच्या पानाशी! गेली पाच वर्षं मी काही ना काही निमित्त काढून जाणं टाळलं. यंदा जाणार आहे आणि आईला खरं काय ते सांगणार आहे. त्याचीच धडकी भरलीय, म्हणून इथं जळगावात सकाळपासून एक पूजा रचत बसलेय. हसू नका. देवळात मी जात नाही हे तुम्हाला ठाऊकच होतं. माती, पाणी, झाड, विस्तव, एवढंच मानते. भटजी नाही, पोथी नाही, माझ्या देवाला माझ्याशिवाय दुसरा भक्तही नाही. त्यामुळे आधी काय, नंतर काय, सगळं मलाच ठरवावं लागतं.

हा नाद दहाव्या वर्षापासूनचा. दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आपण राहत होतो. तुमच्या शेडमधल्या एकाची बोटं दारूच्या भडक्यात गेली, त्या आठवड्यात तुम्ही जेवताना मान वर करत नव्हता. मी घाबरून मागच्या कडुनिंबाखाली एक दगड मांडला, त्याला हळद फासली आणि म्हटलं, हा माझा देव. पुढं माझं डोकं असं चाललं, की विस्तव आपल्या लेकराला खात नाही. विस्तवाचं लेकरू म्हणजे काडी. ती तुमच्याजवळ असली की झालं. मग एका काडीला हळद लावली, दगडाभोवती सात वेळा फिरवली आणि खुंटीवरच्या तुमच्या शर्टाच्या खिशात तळाशी शिवणीत सरकवली. दारूच्या शेडमध्ये जाणाऱ्या माणसाच्या खिशात काडी! अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे.

त्या दिवशी तुम्ही जेवणाच्या सुट्टीआधीच घरी आलात. सायकल भिंतीला टेकवली, ओट्यापाशी उभे राहिलात आणि आईला सांगितलंत, गेटवर झडतीत काडी सापडली, सस्पेंड केलंय. आई पोळी लाटतेय. लाटणं हातातच. "काडी कशाला लागते तुम्हाला?" तुम्ही म्हणालात, "बिडी ओढतो कधीमधी." मी दाराआड उभी. आता माझं नाव घेतील, आता घेतील. तुम्ही सरळ माझ्यासमोरून मागं गेलात, कडुनिंबाखाली, माझ्या खेळण्याच्या जागी. मीही मागोमाग. पिवळा दगड बघून म्हणालात, "काय शे हाई?" मी म्हटलं, "देव." "कोना देव?" "माझा." तुम्ही दगडाला हात लावला नाहीत, मलाही नाही. "तुन्हा देवले सांग, मन्हा खिसामा बठू नको," एवढंच म्हणालात आणि विहिरीवर पाय धुवायला गेलात.

हळदीची काडी म्हटल्यावर कॉलनीत करणीची बोलणी उठली असती आणि पोरीच्या नावाला चिकटली असती, म्हणून तुम्ही बिडी पुढं केलीत. हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही आईला तरी खरं सांगायचं ना, असंही वाटायचं. पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुम्हाला शेडमधून काढलं आणि रिटायर होईपर्यंत साहेबांच्या बंगल्यांची मेंदीची कुंपणं कापायला लावलं. आई उठता-बसता म्हणायची, "एका बिडीपायी मातेरं केलं." तुम्ही घास चावत राहायचात. मीही चावत राहायचे. नाना, मला माझीच शरम वाटते. तुम्ही गेलात तेव्हाही आई रडताना तेच बोलली आणि मी तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवत होते.

तर पूजा. तिची रीत तुमच्याकडूनच घेतलीय. शेडमध्ये शिरण्याआधीचं तुम्ही मला एकदा करून दाखवलं होतं. खिसे रिकामे करायचे, खिळ्याच्या चपला बाहेर काढायच्या, आणि दाराशी तांब्याची पट्टी असायची तिला, अंगातली वीज जमिनीत उतरावी म्हणून, उघडा तळहात टेकवायचा. "अंगमा जे शे ते बठ्ठं जमिनले दी टाकानं, मंग आत जावानं." तसंच केलं. उंबऱ्याबाहेर मोबाइल, किल्ल्या, केसांतल्या पिना, पर्स. अनवाणी बाल्कनीत आले, तुळस नाही माझ्याकडे, कडुनिंबाचं रोप आहे कुंडीत. त्या मातीवर तळहात ठेवला. पाणी घातलं. शेवटी विस्तव, कालच घेतलेल्या काडेपेटीतला. त्या दिवसापासून मी काडी ओढलेली नाही, गॅसला लायटर आणि घरात दिवा नाहीच. आज नियम असा केला, की काडी पेटून विझेपर्यंत आईला सांगायचं ते सगळं मोठ्यानं बोलायचं. पहिली काडी ओढतानाच मोडली. दुसरी पेटली, "आई, ती काडी" इथवर आले आणि बोट भाजलं. तिसरीला डोळे मिटून बोलून टाकलं, "आई, नाना बिडी ओढत नव्हते, ती काडी मी ठेवली होती." बोलले, नाना. सगळं बोलले. काडी पाण्यात बुडवली, तुम्ही घरी बुडवायचात तशी, आणि किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात उंबऱ्याबाहेरचा मोबाइल वाजला. आई. म्हणाली, "येशी ना सकाळी? तुन्हा नानाले आवडे ती बिडी आठे भेटत नही, बंडल लई ये व माय." माझ्या बोटाला अजून काडीचा वास होता. मी म्हटलं, "आणते." खरं म्हणजे बंडल कालच घेऊन ठेवलंय, या काडेपेटीबरोबरच. उंबऱ्याबाहेरच्या पर्समध्ये आहे.