कुणी राहा म्हणेना

विठ्ठलवाडी, उल्हासनगर,
गुरुवार, दुपार

ती. अक्कांना धाकट्या जावेचा, म्हणजे शालनचा, सप्रेम जयभीम.

तुमचे गुडघे, दोन्ही शेळ्या आणि रामभाऊंचा खोकला सगळं आपापल्या जागी ठीक असेल असं धरून चालते. (गुडघे ठीक नसतील तर तेलाची बाटली माझ्या खोलीत फळीवर आहे. किल्ली तुमच्याकडेच आहे, आणि तुम्ही एव्हाना एकदा तरी आत डोकावला असणार, तेव्हा दिसली असेलच.) प्रमोद आणि भावना सूनबाई खुशाल आहेत. माझा डोळाही छान झाला. पत्र बघून घाबरू नका, कुणाचं काही झालेलं नाही. फोनच केला असता, पण या घरात फोन स्पीकरवर लावायची पद्धत आहे. आपलं बोलणं खालचा इस्त्रीवालाही ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी मला तुमच्या गुडघ्यांची चौकशी करतो.

मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला निघाले तेव्हा फाट्यावर उभी राहून काय काय बोलले ते तुम्हाला आठवत असेल. त्या उल्हासनगरात माणसानं राहावं तरी कसं, डोळा झाला की आल्या पावली परत येते, वगैरे. इथं आल्यावरही मी नावं ठेवायला कमी केलं नाही. डोळ्यात थेंब, वर काळा चष्मा, आणि खाटेवर पडून सगळं ऐकायचं. खाली जीन्सच्या पँटी शिवणाऱ्यांची मशिनं खर्रर करतात, समोरच्या डेपोत एसटीवाले उगाच हॉर्न वाजवतात, शेजारी सकाळ-संध्याकाळ पापड भाजतात. नाल्याचा वास तर विचारूच नका. प्रमोद कामावरून आला की मी त्याला हे सगळं सविस्तर सांगायची. (बिचारा अंबरनाथच्या कारखान्यात दिवसभर मशिनच ऐकून आलेला असायचा.) आणि मग एके सकाळी डॉक्टरांनी चष्मा काढायला सांगितला आणि मी गॅलरीत आले. खालून एक स्कूटर चालली होती. तिच्यावर निळ्या पँटींचा एवढा ढीग की चालवणारा दिसेचना, नुसते पाय लोंबत होते, त्याचे कुठले आणि पँटींचे कुठले ते कळायला मार्ग नाही. अक्का, मी एकटीच हसले. किती दिवसांनी हसले ते मलाही सांगता यायचं नाही.

तिथून माझं बिघडलं. खाली ओट्यावर सगुणाबाई आणि चार बायका पँटींचे लोंबते धागे कापत बसतात. मी नुसती बघत उभी होते, तर त्यांनी सरकून जागा केली आणि हातात छोटी कातर दिली. कुणाची कोण, नवरा कधी गेला, काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "डोळ्याला दिसतंय ना नीट? नायतर पँट कापशील." गल्लीच्या तोंडाशी हरेशचं चेन-बटणांचं दुकान आहे. तो मला दादी म्हणाला तेव्हा मला राग आला, केस पांढरे झाले म्हणून लगेच आजी करायचं का! मग कळलं की सिंधी लोक थोरल्या बहिणीला दादी म्हणतात. तेव्हापासून त्याच्या दुकानावरून मी उगाच दोनदा जाते. रविवारी सकाळी मी सगुणाबाईंबरोबर भर रस्त्यात उभी राहून दाल-पकवान खाल्लं. आपल्याकडे मी फाट्यावर उभी राहून साधी भजी खाल्ली असती तर माझ्याआधी बातमी घरी पोचली असती.

आणि विहारात वर्षावासाचं, म्हणजे आश्विन पौर्णिमेपर्यंतचं, ग्रंथवाचन माझ्याकडे आलं आहे. (तिथल्या वाचणाऱ्या बाई मुलीच्या बाळंतपणाला गेल्या. मी अंगणवाडीत होते हे सगुणाबाईंनी सांगून टाकलं.) आपल्याकडे वाचन रामभाऊंचं, आणि त्यातला निम्मा वेळ त्यांच्या घशाचा. इथं मी वाचते आणि बायका ऐकतात. मी एक पान उलटलं की कुणीतरी म्हणतं, "मॅडम, ते परत वाचा ना." मला मॅडम म्हणतात, अक्का. गॅलरीतून सकाळी आपल्या बाजूची एसटी डेपोतून निघताना दिसते. आधी तिच्याकडे बघून डोळे भरायचे. आता ती निघून गेली की बरं वाटतं. लग्न होऊन मी आपल्या गावात आले तेव्हा गाव आवडलं का असं मला कुणी विचारलं नव्हतं, आणि तशी रीतही नव्हती. हे पहिलंच ठिकाण, जे माझं मला आवडलं. अजून इथंच आहे, तरी या गल्लीची आठवण यायला लागली आहे.

आता घोटाळा सांगते. पाहुण्यानं किती दिवस झाले की "निघते आता" म्हणायचं असतं, आणि घरच्यांनी "आत्ता कुठं, पोळा करून जा" म्हणून त्याची पिशवी लपवायची असते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तुम्ही तर माझ्या आईची पिशवी कणगीत टाकून तिला आठवडाभर ठेवून घेतली होती. म्हणून सोमवारी जेवताना मी रीतीप्रमाणे म्हटलं, "निघते बाई आता, किती दिवस राहायचं." भावनानं मोबाइल काढला. "आई, संडेचं मिळतंय, विंडो आहे. बुक करू ना?" आणि माझा पोटचा गोळा म्हणतो, "कर कर, आईला खिडकी लागते."

चूक पोरीची नाही. ती इथंच वाढलेली, जे बोलायचं ते सरळ बोलते आणि जे ऐकते ते खरं मानते. त्यात मी महिनाभर गाऱ्हाणी गायलेली. मी म्हटलं, वाचन अर्धवट राहतंय गं. ती म्हणाली, "टेन्शन नका घेऊ, पुढचं मी रेकॉर्ड करून पाठवते." मग मी पिशवी भरून मुद्दाम दाराशी ठेवली, जाता-येता कुणालाही लपवता यावी अशी. तर भावनानं पिशवीची तुटलेली चेन बघितली आणि हरेशकडून नवी, जीन्सची बसवून आणली, वर आत चिवडा भरला. हरेशनं माझी पिशवी म्हणून पैसेही घेतले नाहीत. इतकी माया करतात सगळे, आणि राहा एवढं एक कुणी म्हणेना.

बाकी सर्व क्षेम. थोरांना जयभीम, शेळ्यांना हिरवा पाला, आणि माझ्या खोलीत जास्त उचकापाचक करू नका.

तुमची,
शालन

ता.क. हे पत्र उद्या सकाळच्या आपल्या एसटीच्या कंडक्टरकडे देते, मिळालं की लगेच भावनाला फोन करा. प्रमोदला नको, तो लगेच मला विचारेल. तिला म्हणा, शालनच्या खोलीची कौलं काढली आहेत, आश्विन पौर्णिमेपर्यंत तिला तिकडेच ठेवून घे. मी सांगितलं म्हणून सांगू नका. सरळ सांगा, तिला सरळच कळतं.

ता.क. कौलं खरंच काढू नका.

ता.क. पाकिटाला डिंक लावता लावता हात थांबला. परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "माझं काही अडत नाही, तू सावकाश ये." मी भावनासारखं ते खरं मानलं आणि बरं म्हटलं. अक्का, नेमकं अडलेलं असतं तेव्हाच तुम्ही असं म्हणता, ते मला ठाऊक आहे. परवाचंही तसलंच असेल तर भावनाला फोन करू नका. मी रविवारी येते.