चौथ्या ओळीची जागा

मोताळा,
ता. ११ ऑगस्ट २०२४

चि. शरयूस,
अनेक आशीर्वाद. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून मला धाप लागते, म्हणून आपलं पत्रच बरं.

निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तरी शनिवारी सकाळी शाळेत जातो. पुष्पांजलीबाईंनी, म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिकांनी, गळ घातली की पाचवीला कविता शिकवा. सध्या ओवी चालू आहे. तीन ओळी आठ-आठ अक्षरांच्या, यमक जुळलेल्या. चौथी आखूड आणि मोकळी. अक्षरं मोजायला प्रत्येकाला मूठभर चिंचोके दिले. प्रेम नावाच्या पठ्ठ्याने निम्मे भाजून खाल्ले आणि वर मलाच सांगतो, गुरुजी, मी सहा अक्षरांतच भागवतो!

पण काल मन खट्टू झालं. प्रेरणा म्हणून एक मुलगी आहे, अबोल. तिचे आजोबा पंजाबराव दिवाळीपासून लकव्याने पडून आहेत, वाचा गेली आहे. तिने लिहिलं:

आजा माहा बाजेवर
बोट त्याचं दारावर
काय मांगे दिसभर

चौथी ओळ कोरीच. पंधरा ऑगस्टसाठी भिंतीवर कविता लावायच्या होत्या, म्हणून मी माझ्या हाताने खाली लिहिलं, ‘घोट पाण्याचा’. छान बसली होती गं. तर पोरगी म्हणते, हे माही नाही. आज्याले पानी नाही पाह्यजे, त्याले काय पाह्यजे ते कोनालेच समजत नाही. आणि दप्तर उचलून चालती झाली.

तू पाचवीत असताना तुझी बादलीची ओवी मीच पुरी करून दिली होती, आठवतं? बक्षीस मिळालं होतं. तेव्हा कुणी असं रुसलं नव्हतं. गुडघेही आता साथ देत नाहीत. तास बंद करावा म्हणतो.

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ये. माया आहेच, ती पत्रातूनही पाठवत जा.

तुझा,
दादा


चिखली,
ता. १७ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र नातीकडून, आरोहीकडून, वाचून घेतलं. तुझं अक्षर आता मुंग्यांची रांग झालंय. चिंचोक्यांपाशी ती इतकी हसली की पुढचं वाचेना.

बक्षीस कंपासपेटीचं होतं. अजून आहे, सुया ठेवते त्यात. पण दादा, तुझ्या ओळीत बादली सापडली. माझी बादली विहिरीतच राहणार होती. आमच्या गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर तुझीच ओळ दोनदा वाचली, टाळ्या झाल्या, आणि मी खाली मान घालून उभी. त्यानंतर मी कविता लिहिली नाही. तू विचारलं नाहीस, मीही बोलले नाही. अठ्ठावन्न वर्षं झाली.

रागावून लिहीत नाही, तेवढं त्राणही नाही. तास बंद करायचा तर कर, गुडघे तुझे आहेत. पण आधी ती ओळ काढ, पोरांच्या देखत काढ. आणि पंजाबरावांपाशी जाऊन बस.

जपून राहा. मोठा आहेस, पण बहिणीचं ऐकावं कधीतरी.

तुझी,
शरयू


मोताळा,
ता. १ सप्टेंबर २०२४

चि. शरयूस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र चार दिवस उशाशी होतं.

पंजाबरावांकडे दोनदा जाऊन बसलो. ते दाराकडे बोट करत. मी दार उघडलं, लावलं, काठी दाखवली, चपला दाखवल्या. प्रत्येक वेळी मान हलवून नाही म्हणाले. मलाही कळलं नाही, शरयू. पोरीने खरं लिहिलं होतं.

गेल्या शनिवारी पोरांसमोर ब्लेडने माझी ओळ खरवडली. कागद थोडा फाटला. प्रेम म्हणाला, गुरुजी, तुमचे मार्क कटले. प्रेरणाची जागा रिकामीच होती. म्हटलं, संपलं.

काल मात्र ती आली. भिंतीवरच्या आपल्या कवितेपाशी गेली. मग खिशातून एक चिंचोका काढला आणि चौथ्या ओळीच्या जागी डिंकाने चिकटवला. मी विचारलं, हे काऊन गं? तर म्हणते, गुरुजी, एस्टीत रुमाल टाकून जागा धरतेत ना, तसं. आजा सांगन तवा लिहीन.

मग जाऊन आपल्या जागेवर बसली. पुढच्या शनिवारी मीही जाईन, गुडघ्यांचं बघू. उद्या पोळा आहे. प्रेम मातीचा बैल घेऊन येणार आहे म्हणे, माझ्यापुढे ओवाळणीसाठी हात पसरून.

सोबत तुझी ओवी, आठवते तशी:

बादली गेली खोलात
दोर राहिला हातात
आई ओरडे घरात

खाली एक चिंचोका चिकटवला आहे. टपालात सुटला तर आरोहीकडून परत लावून घे. विचारायला फार उशीर केला. माया कमी करू नकोस.

तुझा,
दादा