राजनंदिनीच्या कॉम्प्युटरमधलं पाणी

९ एप्रिल २०१९

पाच वाजले. सुरू झाला!

राजनंदिनीच्या खोलीत आधी टक् असा आवाज, मग पंखे, मग नळ्यांतलं पाणी. कॅनडात आता सकाळचे साडेसात. चहा घेऊन टेबलाशी बसली असेल पोरगी, आणि तिथून इथला कॉम्प्युटर चालवते आहे. इमारतींची चित्रं करते ती – ऊन, सावल्या, काचा, सगळं खरं वाटावं अशी. त्याला दांडगं यंत्र लागतं म्हणे. जाण्याआधी तिनं स्वतःच्या हातानं जोडलं. नुसत्या पंख्यांनी भागत नाही, म्हणून आत पाणी खेळवलेलं.

मी माझा कप घेऊन तिथंच बसते. सात वाजता बंद होतो. एक मिनिट इकडचं तिकडं नाही! मी छावणीतल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकत असताना सिस्टर ॲग्नेस होत्या, त्या म्हणाल्या असत्या, शीला, ही तुझीच मुलगी.

१४ एप्रिल

रविवार, म्हणून फोन. ‘आई, जेवलीस?’ ‘हो.’ ‘नळ आला?’ ‘नाही.’ संपलं. रोजचे दोन तास या फोनपेक्षा बरे. त्यात बोलावं लागत नाही.

१६ एप्रिल

कॉम्प्युटरच्या काचेच्या टाकीत पाणी दोन बोटं उतरलंय. बाहेर बेचाळीस अंश, त्यालाही तहान लागणारच. आज सहाव्या दिवशी नळ आला. टँकरचं खारट पाणी कसं घालायचं त्यात? नळाचं उकळलं, दुहेरी फडक्यातून गाळलं, थंड करून घातलं.

भागूबाई दारात उभी. पाचोडकडची, विहीर आटली तशी इकडं आली, चार घरची भांडी करते. म्हणाली, “व्हय बाई, माणसाला टँकरचं अन् मशिनीला नळाचं!”

हसले. पण खरं आहे. घरातलं सगळ्यात चांगलं पाणी मी त्याला दिलं.

२ मे

पुन्हा एक बोट कमी. पुन्हा नळाचं घातलं. समोरच्या प्लॉटवर पाचवा मजला चढतोय आणि खाली बोअर घेतायत. सहाशे फूट, नुसती धूळ. आपली खिडकी पांढरी.

१९ मे

पाचला सुरू झाला, पंखे ओरडायला लागले. वरच्या छोट्या पट्टीवर उष्णतेचा आकडा दिसतो, तो नेहमी साठच्या आसपास. आज पंच्याण्णव. दहाव्या मिनिटाला धाडकन बंद.

राजनंदिनीला फोन केला. “राहू दे ना आई. तू कशाला त्रास घेतेस?” तिचं काम अडलं असणार, पण मला बोल लागू नये म्हणून सांगत नाही. लहानपणापासून तशीच.

२० मे

पाच वाजले. दहा मिनिटं. बंद.

आता हिनं दुसरीकडं कुठं सोय केली तर?

२२ मे

तीन कॉम्प्युटरवाल्यांकडं जाऊन आले. सगळ्यांचं एकच – मॅडम, पाण्याचं काम आम्ही घेत नाही. शेवटी मुकुंदवाडीला बन्सीकडं गेले. तो गाड्यांचे रेडिएटर करतो, आमच्या ह्यांच्या वेळेपासून ओळखीचा. पाणी म्हटल्यावर तयार झाला. घरी आला, नळ्या सोडवल्या, पाणी बादलीत काढलं. हिरवट! प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याची चपटी डबी बसवलेली असते, तिचं झाकण पारदर्शक. तिच्या आत केसासारखे बारीक पडदे, आणि त्यांच्यात पांढरा थर नि शेवाळ.

“काय घातलंतं ह्याच्यात?”

“नळाचं. उकळून, गाळून.”

“अवो मॅडम! प्यायला चांगलं ते मशिनीला चांगलं नसतंय. क्षार राहतोच की त्यात. इन्व्हर्टरमधी टाकतो ते पाणी घालायचं, बॅटरीचं.”

मी कॉन्व्हेंटमध्ये विज्ञानात पहिली यायचे. खाली मान घालून ऐकलं.

डबी धुवायला तो घेऊन गेला. बादलीतल्या पाण्यानं भागूबाईनं जिना पुसला. टाकून देणं तिला जमत नाही.

२५ मे

बन्सीनं डबी लखलखीत करून दिली. नळ्या जोडायला यायला त्याला वेळ नाही. मी विचारलं, पाणी कुठून आत, कुठून बाहेर? म्हणाला, “रेडिएटरला तसं काय नाय. कुठूनबी घाला, फिरून थंडच व्हतंय.”

मी करते म्हटलं. राजनंदिनीच्या खणात डबी आणि प्रोसेसर यांच्यामध्ये लावायचं राखाडी मलम सापडलं. ते लावून डबी बसवली. नळ्या आवळल्या, बॅटरीचं पाणी भरलं, खाली वर्तमानपत्र पसरून तासभर बघत बसले. एक थेंब नाही! एकसष्टाव्या वर्षी!

पाचला सुरू झाला. पण आकडा चौऱ्याऐंशी. पंखे भणभणतायत. बंद पडला नाही इतकंच. असं किती दिवस टिकणार?

२६ मे

रविवार. तिला म्हटलं, होत आलंय, थोडी कळ काढ. “आई, खरंच राहू दे गं.” आवाज दमलेला. दुरुस्त झाल्याशिवाय आता काही सांगणार नाही.

२८ मे

आज पाचला भागूबाई उशिरा आलेली होती. फडकं हातात तसंच धरून डबीच्या झाकणातून बघत राहिली. आत बारीक बुडबुडे फिरत होते.

“बाई, जाळ कुठं व्हतो ह्याच्यात?”

“मधोमध.”

“मग पानी कडंकडंनंच का पळतंय? मोसंबीच्या बागंत असं केलं तर सासऱ्यानं हाकलून दिलं असतं मला. मधलं झाड कोरडंच की!”

बघतच राहिले. खरंच! पाणी बाजूच्या तोंडानं शिरत होतं, पडद्यांच्या कडेनं फिरत होतं आणि मधल्या तोंडातून बाहेर जाताना तापल्या जागेला जेमतेम शिवत होतं. ते आधी मध्ये कोसळायला हवं, मग दोन्हीकडं पसरत जायला हवं. बन्सी रेडिएटरचं बोलला, ते रेडिएटरपुरतं खरंच होतं. मी ते डबीलाही लावलं. दोन नळ्या, मला वाटलं सारख्याच.

भागूबाईला म्हटलं, तू शिकली असतीस तर इंजिनियर झाली असतीस. “अन् भांडी कोनी घासली असती, तुमी?”

२९ मे

सकाळी पाणी काढलं. डबीवरच्या दोन नळ्यांची अदलाबदल केली, पुन्हा भरलं, बुडबुडे जाईपर्यंत यंत्र कलतं धरलं. कंबर गेली.

पाचला टक्. भागूबाई आणि मी दोघी पट्टीकडं बघत. पंचावन्न. अठ्ठावन्न. एकसष्ट. आणि तिथंच थांबला! पंखे पुन्हा हळू, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखे.

आली माझी पोरगी परत. दोघींनी चहा घेतला. भागूबाई पहिल्यांदा खुर्चीवर बसली.

३० मे

रविवारपर्यंत दम निघाला नाही. फोन करून सगळं सांगितलं, आकड्यासकट. ती म्हणाली, “आई, मी फेब्रुवारीपासून ऑफिसच्याच मशीनवर काम करते. तुला सांगायचं राहिलं. तो पाचला आपोआप सुरू होतो. जुन्या कामांच्या फाइली झिप करून ठेवायला मीच वेळ लावली होती. आजच काढून टाकते.”

म्हटलं, काढू नकोस. साडेसहाची कर. दिवेलागणीला घर फार मोठं होतं.